तबकडी ज्याच्या हातात

दोन टर्नटेबलं, मधे मिक्सर, कानाला हेडफोन आणि मागच्या भिंतीला रचलेल्या एल.पी. रेकॉर्ड्‌स. साठच्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत एफ.एम. रेडिओवर रॉक वाजवणाऱ्या माणसाचं कामाचं सामान एवढंच होतं. एकीकडे गाणं चालू असताना दुसरीकडे पुढची तबकडी चढवायची, सुई अंदाजानं नेमक्या खाचेजवळ टेकवायची, हेडफोनमध्ये पहिला सूर सापडेपर्यंत तबकडी हातानं पुढे-मागे फिरवायची आणि सूर सापडला की थोडी मागे आणून थांबवायची. काही जण तबकडीखाली फेल्टची चकती घालत. खालचं टर्नटेबल फिरत राही, कडेला बोटानं धरलेली तबकडी मात्र जागच्या जागी. बोट उचललं की गाणं त्याच क्षणी पूर्ण वेगानं सुरू. आधीच्या गाण्याचा शेवट विरत आला, त्याचा सूर आणि लय पुढच्या गाण्याशी जुळते असं वाटलं, की बोट उचलायचं. नीट जमलं तर ऐकणाऱ्याला सांधा कळतही नसे.

हे हातकौशल्य त्या काळच्या कुठल्याही रेडिओ केंद्रात शिकता आलं असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन केंद्रांचं, आधी केएमपीएक्सचं आणि मग केएसएएनचं, वेगळेपण पुढच्या प्रश्नात होतं: पुढची तबकडी कोणती हे ठरवणार कोण? तिथे ते ती लावणाराच ठरवायचा.

आज ‘क्लासिक रॉक’ म्हणून जगभरची केंद्रं जे वाजवतात, त्यातलं कितीतरी आधी अशाच माणसांनी स्वतःच्या कानावर विश्वास ठेवून निवडलेलं आहे. त्यामुळे या दोन केंद्रांची कहाणी तिथे काम करणाऱ्यांच्या बाजूनं बघायला हवी.

१९६०च्या दशकात अमेरिकेत गाण्यांचा रेडिओ म्हणजे ए.एम.वरचा ‘टॉप फॉर्टी’. खपातली तीस-चाळीस गाणी, तीच पुन्हा पुन्हा. मधे जिंगल, हवामान, जाहिरात, आणि निवेदकाचं घाईघाईतलं बोलणं, गाण्याचे शब्द सुरू व्हायच्या आत संपणारं. बिल ड्रेक या सल्लागारानं १९६५ साली लॉस एंजेलिसच्या केएचजे केंद्रावर हे तंत्र आणखी घट्ट आवळलं आणि पुढच्याच वर्षी ते सॅन फ्रान्सिस्कोच्या केएफआरसीपर्यंत पोहोचलं. गाणं अडीच-तीन मिनिटांचं असावं, हा अलिखित कायदा. बॉब डिलनचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ सहा मिनिटांचं झालं, तेव्हा रेडिओ केंद्रांना पाठवलेल्या प्रतीत ते कापून दोन बाजूंवर घातलं होतं. डोअर्सचं ‘लाइट माय फायर’ एल.पी.वर सुमारे सात मिनिटं चालतं. रेडिओसाठी त्याच्या मधलं वादन कापून टाकलं. संगीत लांब होत चाललं होतं आणि रेडिओची चौकट होती तेवढीच.

टॉम डॉनह्यू या चौकटीतले मुरलेले कामगार. जन्म १९२८चा, देह अवाढव्य, आवाज खर्जातला. फिलाडेल्फियात नाव कमावून ते सॅन फ्रान्सिस्कोच्या केवायए या टॉप फॉर्टी केंद्रावर आले. तिथल्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी ऑटम रेकॉर्ड्‌स नावाची कंपनी काढली आणि स्लाय स्ट्युअर्ट नावाच्या पोरसवदा संगीतकाराला तिथे निर्माता म्हणून बसवलं. हाच पुढे ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’चा स्लाय. २९ ऑगस्ट १९६६ रोजी कँडलस्टिक पार्कवर झालेली बीटल्सची शेवटची तिकीट लावून झालेली मैफल भरवणाऱ्यांतही डॉनह्यू होते. म्हणजे यादीवर चालणारा रेडिओ त्यांना आतूनबाहेरून ठाऊक होता, आणि त्याचा कंटाळाही त्यांना आतूनच आलेला होता.

पुढची हकिगत त्यांच्या पत्नी रेचेल डॉनह्यू यांनी अनेकदा सांगितली आहे. १९६७च्या सुरुवातीला डोअर्सची पहिली एल.पी. आली. एका रात्री घरी ती ऐकत बसलेले असताना प्रश्न निघाला, की हे रेडिओवर का लागत नाही? डॉनह्यूंनी शहरातल्या एफ.एम. केंद्रांना फोन लावायला सुरुवात केली. केएमपीएक्सचा फोन बंद पडलेला निघाला. ज्या केंद्राला फोनचं बिल भरणं जड जातंय ते आपलं ऐकेल, हा त्यांचा हिशोब होता आणि तो बरोबर ठरला.

एफ.एम. तेव्हा रेडिओतलं दुर्लक्षित मूल होतं. आवाज ए.एम.पेक्षा किती तरी स्वच्छ, १९६१पासून स्टिरिओसुद्धा; पण बहुतेक गाड्यांत एफ.एम. नव्हतं आणि बरेच मालक आपल्या ए.एम.चेच कार्यक्रम एफ.एम.वर जसेच्या तसे सोडून देत. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं मोठ्या शहरांत त्याला आळा घातला. एकाच मालकाच्या एफ.एम.वर निम्म्याहून जास्त वेळ ए.एम.ची नक्कल चालणार नाही, हा नियम १९६७च्या आरंभी लागू झाला. रिकामे तास भरायला काहीतरी स्वस्त आणि वेगळं हवं, असं देशभरच्या मालकांना एकदमच वाटू लागलं. केएमपीएक्स १०६.९ मेगाहर्ट्‌झवर परभाषांतल्या कार्यक्रमांसाठी तास विकून कसंबसं तगून होतं. लॅरी मिलर हे निवेदक फेब्रुवारीपासूनच तिथे मध्यरात्रीनंतर फोक आणि रॉक वाजवत होते, हे इथे नोंदवायला हवं. या प्रकाराचं सगळं श्रेय डॉनह्यूंना देण्याची जी रीत पडली आहे ती मिलर यांच्यावर अन्याय करते. ७ एप्रिल १९६७ रोजी डॉनह्यूंनी रात्री आठ ते बाराचा वेळ घेतला. वाजवायला रेकॉर्ड्‌स घरच्याच नेल्या. उन्हाळा संपायच्या आत केंद्र चोवीस तास रॉक वाजवू लागलं.

जिंगल बंद. ओरडणं बंद. जाहिराती मोजक्या, त्याही निवेदकाच्या नेहमीच्या आवाजात. हेट-ॲशबरीतली छोटी दुकानं, कपडेवाले, रेकॉर्ड विकणारे असे जाहिरातदार ज्यांना ए.एम.चा दर कधीच परवडला नसता.

कामाचं एकक आता गाणं राहिलं नाही. पंधरा-वीस मिनिटांचा गाण्यांचा गुच्छ, ज्याला तिथले लोक ‘सेट’ म्हणत, तो झाला. एका सेटमध्ये मिसिसिपीचा जुना ब्लूज, मग तेच गाणं एखाद्या इंग्लिश बँडनं वाजवलेलं, मग त्याच चालीचा धागा पकडून जॅझचा तुकडा, असा प्रवास व्हायचा. कधी दुवा विषयाचा, कधी वाद्याचा, कधी नुसता भावाचा. मधे बोलायचं नाही; सेट संपल्यावर सगळ्या गाण्यांची नावं उलट्या क्रमानं सांगायची. याला पाठांतर लागे आणि त्याहून जास्त लागे तो संग्रहाचा सराव. हात मागे नेला की हवी ती तबकडी सापडली पाहिजे, तिसऱ्या गाण्याच्या आधी खाचांमधली मोकळी पट्टी कुठे आहे ते दिसलं पाहिजे, आणि चालू गाण्याला किती वेळ उरलाय ते घड्याळाकडे न बघता कळलं पाहिजे. ‘आपली आवड’ आणि ‘जयमाला’ ऐकत वाढलेल्या आपल्या श्रोत्याला गाण्यामागून नाव सांगण्यात नवल वाटणार नाही. पण फर्माईश नाही, ठरलेली यादी नाही, आणि तरी चार तास एकसंध कार्यक्रम, ही निराळीच मेहनत होती.

रविशंकरांची सतार या सेटमध्ये रॉकच्या शेजारी वाजायची. एल.पी.ची अख्खी बाजू व्यापणारा राग टॉप फॉर्टीत शिरणं शक्यच नव्हतं. इथे त्याला जागा होती. १९६७च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्याच मॉन्टेरे महोत्सवात रविशंकर आणि अल्ला रखाँ यांनी श्रोतृवर्ग जिंकला, आणि त्याच वर्षी खाडीपलीकडे बर्कलीत अली अकबर खाँसाहेबांचं संगीत महाविद्यालय सुरू झालं. माहीमला वाढलेले झाकीर हुसेन पुढे तिथे शिकवू लागले आणि ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या मिकी हार्ट यांच्याबरोबर वाजवू लागले. रॉक ऐकणाऱ्या शहराला तबला परका न वाटण्याची जमीन तयार होत होती, त्यात या रेडिओचाही वाटा आहे.

केएमपीएक्सवर आणखी एक गोष्ट घडली, जिच्याबद्दल कमी लिहिलं जातं. मिक्सरवर बसणारे तंत्रज्ञ तोवर बहुतेक पुरुषच असत. डॉनह्यूंनी तिथे तरुण मुलींना बसवलं. त्यांतल्याच डस्टी स्ट्रीट. त्या तंत्रज्ञ म्हणून आल्या, दुसऱ्यांचे सेट जुळवता जुळवता कान तयार झाला आणि मग स्वतः मायक्रोफोनपुढे बसल्या. अमेरिकेच्या रॉक रेडिओतल्या सुरुवातीच्या स्त्री निवेदकांत त्यांची गणना होते. २०२३ साली त्या वारल्या. तोवरची सारी हयात रेडिओतच गेली, शेवटी उपग्रह रेडिओवर. तबकडी हाताळणारा माणूस निवडीचा मालक असतो, हे तत्त्व मान्य केलं की हाताळणारी कोण हा प्रश्न आपोआप गौण होतो.

नोव्हेंबर १९६७मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या नव्याकोऱ्या नियतकालिकाच्या दुसऱ्याच अंकात डॉनह्यूंनी टॉप फॉर्टीला सडकं प्रेत ठरवणारा लेख लिहिला. आपल्या धंद्यातल्या माणसांवर इतकं कडक कोणी क्वचितच लिहिलं असेल.

केंद्र चाललं, पैसा येऊ लागला, आणि पैशाबरोबर भांडणही आलं. पगार किती, आणि केंद्र कसं चालवायचं हे ठरवणार कोण, यावरून व्यवस्थापन आणि कर्मचारी यांचं फाटलं. १८ मार्च १९६८च्या पहाटे तीन वाजता सगळे जण ग्रीन स्ट्रीटवरच्या इमारतीतून बाहेर पडले. संघटनेचं नाव त्यांनी भलं लांबलचक आणि खेळकर ठेवलं होतं, पण संप खरा होता. भर पहाटे शेकडो श्रोते रस्त्यावर जमले, ग्रेटफुल डेडनं तिथेच वाद्यं लावली. आमच्या रेकॉर्ड्‌स संप मोडणाऱ्यांनी वाजवू नयेत, असं अनेक बँडनी कळवलं. रेडिओच्या इतिहासात गायक-वादक निवेदकांच्या बाजूनं उभे राहिल्याची उदाहरणं फारशी नाहीत. इथे राहिले, कारण आपलं लांब, आडवळणाचं, न विकलं जाणारं काम याच माणसांनी लोकांपर्यंत नेलं हे त्यांना ठाऊक होतं.

संप आठेक आठवडे चालला आणि तडजोड झालीच नाही. मेट्रोमीडिया या मोठ्या कंपनीचं केएसएफआर हे अभिजात पाश्चात्त्य संगीताचं केंद्र त्याच शहरात होतं. कंपनीनं संपकऱ्यांना जवळपास अख्खंच उचललं. २१ मे १९६८ रोजी ते ९४.९ मेगाहर्ट्‌झवर बसले आणि केंद्राचं नाव झालं केएसएएन.

इथून पुढची काही वर्षं हे केंद्र शहराचं केंद्र झालं, याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे ७ डिसेंबर १९६९. आदल्या दिवशी आल्टमाँटच्या शर्यतीच्या मैदानावर रोलिंग स्टोन्सची फुकट मैफल झाली होती. सुमारे तीन लाख लोक, मंचाच्या राखणीला हेल्स एंजल्स ही मोटारसायकलस्वारांची टोळी, आणि दिवसअखेर चार मृत्यू. त्यांतला मेरेडिथ हंटर हा अठरा वर्षांचा तरुण मंचासमोरच भोसकला गेला. दुसऱ्या दिवशी केएसएएननं गाणी बाजूला ठेवली आणि फोन उघडे केले. स्टीफन पोनेक सूत्र सांभाळत होते. चार तास लोक बोलत होते: तिथे असलेले, मार खाल्लेले, आयोजनातले. हेल्स एंजल्सचा म्होरक्या सनी बार्जर यानंही फोन करून आपली बाजू मांडली. ‘गिमी शेल्टर’ या १९७०च्या माहितीपटात सुरुवातीलाच याच प्रक्षेपणाचे आवाज ऐकू येतात. ज्या केंद्रानं या पिढीचे सण साजरे केले, त्यानंच दुसऱ्या दिवशी तिला तिचा अपराध ऐकवला. एवढी उलट तपासणी स्वतःच्या श्रोत्यांची करणारं केंद्र विरळा.

बातम्यांचा विभागही तसाच स्वतंत्र. वेस ‘स्कूप’ निस्कर बातम्या वाचत नसत, जोडत असत. त्या काळी जोडणं शब्दशः होतं: पाव इंची टेप पाट्यावरच्या खोबणीत ठेवायची, हवा तो शब्द जिथे सुरू होतो तिथे पेन्सिलीची खूण करायची, पात्यानं तिरका छेद द्यायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीनं सांधायची. राष्ट्राध्यक्षांचं भाषण, त्यात मोर्चातला आवाज, त्याखाली एखाद्या गाण्याची ओळ, असं काही मिनिटांचं चित्र उभं राही. बातम्या पटल्या नसतील तर बाहेर पडा आणि स्वतः काही घडवा, असा निरोप ते शेवटी देत. हेच निस्कर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बोधगयेला सत्यनारायण गोयंका यांच्या विपश्यना शिबिरात बसले. गोयंकांनी पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभारलं, आणि निस्कर अमेरिकेत ध्यानाचे शिक्षक झाले. २०२३मध्ये निधन होईपर्यंत ते काम त्यांनी सोडलं नाही.

गाणी नुसती तबकडीवरूनच लागत असं नव्हतं. सॉसलिटोतल्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत बँडना बोलावून तिथून थेट प्रक्षेपण होई. ३१ ऑक्टोबर १९७३ची रात्र त्यांतली विशेष. बॉब मार्ले आणि वेलर्स अमेरिकेच्या दौऱ्यावर होते, ते स्लायच्या बँडआधी वाजवायला. पण मोजक्या मैफलींनंतर त्यांना दौऱ्यातून काढून टाकलं गेलं. अमेरिकेत नाव नाही, हातात काम नाही, अशा अवस्थेत ते खाडीकाठच्या या शहरी आले आणि केएसएएनच्या श्रोत्यांसाठी वाजवलं. पुढे विंटरलँड सभागृहातून सेक्स पिस्टल्सची फुटण्यापूर्वीची शेवटची मैफल, १४ जानेवारी १९७८ची, आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला ब्रूस स्प्रिंगस्टीनची मैफल याच केंद्रानं थेट ऐकवली. रेगे, पंक आणि न्यू जर्सीचा रॉक एकाच पत्त्यावर. यादीवर चालणाऱ्या केंद्राला हे सुचलंच नसतं.

तरी दोरी आवळत होती. ५ मार्च १९७१ रोजी दूरसंचार आयोगानं नोटीस काढली, की अमली पदार्थांचा गौरव करणारी गाणी लागत असतील तर काय लागतंय हे परवानाधारकाला माहीत असलंच पाहिजे. नोटिशीत कुठल्याही गाण्यावर बंदी नव्हती. पण परवाना ज्याच्या नावावर, त्याला आता पुढची तबकडी आधीच कळायला हवी होती, आणि हा धाक देशभरच्या मोकळ्या केंद्रांना पुरेसा होता. डॉनह्यू १९७२मध्ये केएसएएनचे महाव्यवस्थापक झाले, म्हणून तिथे ढाल होती. २८ एप्रिल १९७५ रोजी हृदयविकारानं ते गेले. वय सेहेचाळीस.

तोवर ली अब्रॅम्स यांच्यासारख्या सल्लागारांनी एल.पी.वरच्या रॉकचीही यादी बांधायला घेतली होती. १९७७मध्ये केएमईएल हे नवं रॉक केंद्र सॅन फ्रान्सिस्कोत उतरलं, लोकप्रिय गाणी आवळून वाजवणारं, आणि श्रोते तिकडे वळले. हे का झालं ते प्रामाणिकपणे मांडायला हवं. मोकळा रेडिओ माणसाच्या ताकदीवर चालतो. बसलेला माणूस तयारीचा असेल तर चार तास सोन्याचे. नसेल तर त्याच्या लहरी श्रोत्याला सोसाव्या लागतात. गाडी चालवणाऱ्याला ओळखीचं गाणं हवं असतं, आणि ते लगेच हवं असतं. सल्लागारांना हे मोजता येत होतं. त्यांना मोजता येत नव्हतं ते हे, की आजचं ओळखीचं गाणं काल कोणीतरी अनोळखी असतानाच वाजवलेलं असतं.

मोजण्याची पद्धत अशी: सभागृहात माणसं बसवायची, शेकडो गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवायचे, प्रत्येकाला गुण द्यायला सांगायचं. वरचे गुण मिळवलेली गाणी यादीत. मग कोणतं गाणं किती तासांनी फिरून यावं हे संगणक ठरवणार. त्यासाठी ‘सिलेक्टर’ नावाची प्रणाली १९७९पासून बाजारात आली. मुंबई-पुण्याच्या खासगी एफ.एम.वर एकच गाणं सकाळ, दुपार, संध्याकाळ ऐकलेल्यांना हे तंत्र चांगलंच ओळखीचं आहे. १५ नोव्हेंबर १९८० रोजी केएसएएनवर कंट्री संगीत सुरू झालं आणि रॉकचे दिवस संपले. १९८५मध्ये फ्रेड जेकब्स यांनी मिशिगनच्या लान्सिंग शहरातल्या डब्ल्यूएमएमक्यू केंद्रावर ‘क्लासिक रॉक’ हा साचा उभा केला आणि तो देशभर पसरला. त्याच्या यादीत डोअर्स, जेफरसन एअरप्लेन, ग्रेटफुल डेड होते. एकेकाळी कुणीतरी जोखीम घेऊन लावलेल्या या तबकड्या आता बिनजोखमीच्या ठरल्या होत्या.

साच्यातही माणसाला जागा काढता येते, हे त्याच शहरातल्या केएफओजीनं दाखवलं. १९८२मध्ये रॉककडे वळलेल्या या केंद्रावर डेव्ह मोरी रोज सकाळी दहा वाजता एखादं वर्ष निवडत आणि त्या वर्षातली दहा गाणी लावत, मधे त्या काळच्या बातम्या, जाहिराती, चित्रपटांचे संवाद. ते २००८ अखेर निवृत्त झाले. केंद्रही २०१९मध्ये बंद होऊन त्या जागी खेळांचं समालोचन आलं. इतकी वर्षं चाललेला कार्यक्रम, आणि त्याचा कणा एकच: आज कोणतं वर्ष, हे मोरी ठरवत.

केएसएएन ही अक्षरं आजही हवेत आहेत. १०७.७ मेगाहर्ट्‌झवरच्या, ‘द बोन’ नावानं चालणाऱ्या रॉक केंद्राकडे ती आहेत. जुन्या केंद्राचं काम ऐकायचं असेल तर १९९१मध्ये निघालेला मार्ले यांचा ‘टॉकिन ब्लूज’ हा अल्बम मिळवा. १९७३च्या त्या रात्री केएसएएनसाठी वाजवलेली गाणी त्यात आहेत. ती सलग ऐका, मधलं काही न गाळता.